पळत्या मुलांचे फोटो

आमच्या डोंबिवलीच्या घरात एक जुना आल्बम आहे. त्यात माझ्या थोरल्या मुलाचे पहिल्या सहा वर्षांतले चाळीसेक फोटो असतील. बहुतेक फोटोंत तो खुर्चीवर बसला आहे, केस पाणी लावून चापूनचोपून बसवले आहेत, हात मांडीवर आहेत आणि चेहऱ्यावर एखादी शिक्षा भोगत असल्याचा भाव आहे. आता खरी गोष्ट अशी की, त्या सहा वर्षांत हा मुलगा आपण होऊन खुर्चीवर बसल्याचे आम्हां कोणालाही आठवत नाही. तो पळत असे. जेवताना पळे, शाळेत जाताना पळे, ताप उतरला न उतरला तोच पळे. म्हणजे ज्या मुलाला आम्ही वाढवले तो आल्बममध्ये नाहीच; तिथे दुसराच कोणी एक गरीब मुलगा बसला आहे. मैदानावर धावतानाचा असा त्याचा एकच फोटो आहे, आणि त्यात एक चप्पल, अर्धा हात आणि मधे नुसता निळा पट्टा एवढेच उमटले आहे. तरी त्याची आई आल्बम उघडला की त्याच पानाशी थांबते.

हे दुखणे घरोघरचे आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या गावांतले कमावते माणूस सकाळची गाडी पकडून मुंबईला जाते आणि रात्री आठ-नऊला परत येते. जागे असलेले मूल त्याच्या वाट्याला येते ते मुख्यतः रविवारी. त्या रविवारच्या तासाभरात हाती कॅमेरा घ्यावा आणि "थांब, इकडे बघ, हलू नकोस" म्हणावे, तर मूल थांबते खरे. पण जे टिपायचे होते ते त्याच क्षणी नाहीसे होते. न थांबवता टिपावे, तर चित्र पुसट येते. या पेचातून वाट कशी काढायची ते आज पाहू. चित्रांविषयी सांगायचे आणि चित्र मात्र एकही दाखवायचे नाही, ही अडचण माझी आहे. आपण आपल्या घरचे मूल डोळ्यांसमोर आणले की झाले.

"हलू नकोस" हा हुकूम मुळात आला कोठून? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. त्याच १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे, निघाली. त्या काळी चित्र घ्यायचे ते काचेवर, आणि त्या काचा प्रकाशाच्या बाबतीत इतक्या मंद की चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. मोठ्या माणसाचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. तान्ह्या मुलाला असा आधार कसा लावणार? तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या छायाचित्रकारांनी एक युक्ती काढली होती. आईला खुर्चीवर बसवायचे, तिच्यावर डोक्यापासून खालपर्यंत कापड टाकायचे, आणि तिच्या मांडीवर मूल ठेवायचे. आई कापडाआडून त्याला घट्ट धरून बसे. अशी चित्रे आजही पाहायला मिळतात. पुढे मूल अगदी ठळक, आणि त्याच्यामागे खुर्चीच्या आकाराचे एक भूत!

म्हणजे तो हुकूम मुलाच्या भल्यासाठी नव्हता, मंद काचेच्या सोयीसाठी होता. पुढे काचा जलद झाल्या, फिल्म आली, फिल्मही गेली. आज साध्या कॅमेऱ्याची झडपसुद्धा सेकंदाच्या चार हजाराव्या भागात उघडून मिटते. कॅमेरा सुधारला; जीभ तेवढी अजून १८५४ सालातच राहिली आहे.

आता थोडे गणित. घाबरू नका, त्रैराशिकापलीकडचे काही नाही. सात-आठ वर्षांचे मूल जोरात पळू लागले की सेकंदाला चार मीटर अंतर सहज तोडते. कॅमेऱ्याची झडप, ज्याला आपण सगळे शटर म्हणतो, ती सेकंदाचा साठावा भाग उघडी राहिली तर तेवढ्यात मूल जवळजवळ सात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे, पुढे सरकते. पाचशेव्या भागात ८ मिलिमीटर सरकते, हजाराव्या भागात ४. हे सरकणे कागदावर किती दिसेल? चौकटीत साडेतीन मीटर रुंदीचे मैदान मावले आहे आणि त्याची सहा इंच रुंदीची प्रत काढली आहे, असे धरा. साठाव्या भागाला सुमारे तीन मिलिमीटरचा पुसटपणा पडतो; म्हणजे नाक-डोळे गेलेच. पाचशेव्या भागाला तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि हजाराव्याला त्याच्याही निम्मा होतो. हातात धरून पाहणाऱ्या डोळ्याला हा शेवटचा पुसटपणा जेमतेम जाणवेल, न जाणवेल. म्हणून पळत्या मुलासाठी १/५०० हा आपला पाया धरावा. उड्या मारणाऱ्या, फुटबॉलमागे लागलेल्या मुलाला १/१०००. मातीत बसून घर बांधणाऱ्याला १/२५० पुरे. पळताना पुढे येणारा पाय अंगाच्या सुमारे दुप्पट वेगाने येतो, म्हणून चेहरा स्वच्छ येऊनही पाऊल थोडे पुसट राहते. मी त्याचे वाईट मानत नाही. सगळेच गोठले, तर मूल पळते आहे की कोणी भुईवर खिळले आहे, हे कसे कळणार?

या गणितात एक सवलत आहे, ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मूल आपल्यासमोरून आडवे पळत गेले तर हा सारा हिशेब लागू. तेच मूल सरळ आपल्याकडे पळत आले तर चौकटीत ते फारसे सरकत नाही, नुसते मोठे होत जाते. मग १/२५० वरही बरेच निभते. मात्र दैव एका हाताने देते ते दुसऱ्या हाताने काढून घेते. आडव्या पळणाऱ्यावर फोकस धरणे सोपे, समोरून येणाऱ्यावर ते धरून ठेवणे अवघड. त्याकडे पुढे वळू.

शटर जलद केले की उजेड कमी पडतो. हा व्यवहार समजायला आपल्याकडच्या नळाइतका चांगला दाखला नाही. पाणी ठरावीक वेळच येणार. त्या वेळात बादली भरायची. नळाची तोटी किती उघडली, ते भिंगाचे छिद्र. नळ किती वेळ चालू ठेवला, ते शटर. आणि बादली केवढी, ती कॅमेऱ्याची संवेदनक्षमता. हिलाच आयएसओ म्हणतात. आयएसओचा आकडा मोठा म्हणजे बादली लहान. थोड्याच पाण्यात भरते, पण पाणी जरा गढूळ लागते, चित्र दाणेदार होते. छिद्राच्या आकड्याची गंमत उलटी: एफ/१.८ म्हणजे तोटी सताड उघडी, एफ/१६ म्हणजे नुसती धार. पळत्या मुलाच्या बाबतीत वेळ आपल्या हाती नाही, तो १/५०० ठरलेला आहे. तेव्हा करायचे ते तोटीचे आणि बादलीचे.

सुदैवाने आपल्याकडे ऊन भरपूर. फिल्मच्या काळापासूनचा एक ठोकताळा आहे: लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ ठेवले, तर शटर हे आयएसओच्या आकड्याइतके ठेवावे. आयएसओ १०० असेल तर १/१००. तिथून तोटी एफ/५.६ पर्यंत उघडली की आठपट उजेड मिळतो, म्हणजे १/८०० झाले. तेव्हा डोंबिवलीचे भागशाळा मैदान असो की कल्याणचे सुभाष मैदान, उन्हात एफ/५.६, १/१०००, आयएसओ २०० हे आकडे पाठ करून ठेवायला हरकत नाही. भर दुपार मात्र टाळावी. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि मुलेही करपतात.

सावलीचा हिशेब वेगळा. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नवे कपडे घालून लोटणारी गर्दी आपण पाहिली असेल. तिथे दोन्हीकडच्या इमारतींमुळे ऊन उशिरा उतरते. डोळ्याला उजेड भरपूर वाटतो, कारण डोळा फार समजूतदार आहे. कॅमेरा तसा नाही. तिथे आयएसओ ४०० ते ८०० करावा लागतो. आषाढात ढग खाली उतरले की मैदानावरसुद्धा १६०० ची पाळी येते. येऊ द्या. दाणेदार चित्र घरातले सगळे पाहतात आणि कोणी तक्रार करीत नाही. दाणे काढून टाकण्याची सोय आता संगणकातही आहे. पुसटलेला चेहरा मात्र कोणी परत आणून देत नाही.

हे सगळे आकडे मैदानात उभ्या उभ्या आठवत बसायचे काय? तसे मुळीच नाही. कॅमेऱ्यावरची चकती 'एस'वर ठेवावी (कॅननच्या कॅमेऱ्यावर तिथे 'टीव्ही' अशी अक्षरे असतात, त्याचा दूरचित्रवाणीशी संबंध नाही), शटर १/५०० ठरवावे, आणि आयएसओ स्वयंचलित करून त्याला ६४०० ची कमाल मर्यादा घालावी. पुढची तोटी-बादली कॅमेरा सांभाळतो. चकती हिरव्या चौकोनावर किंवा 'ऑटो'वर राहिली, तर कॅमेऱ्याला मूल पळते आहे हे ठाऊक नसण्याचा संभव असतो. संध्याकाळी तो बिनदिक्कत १/६० निवडतो आणि आपण मुलाला दोष देतो.

आता भिंगांविषयी, आणि इथे मला माझा मूर्खपणा कबूल करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी बोनसच्या पैशांतून लांब पल्ल्याचे एक भिंग घेतले. विकणाऱ्याने सांगितले, "साहेब, यात हात हलला तरी चित्र हलत नाही." मी समजलो, आता मूल हलले तरी चित्र हलणार नाही! संध्याकाळी सहाला मैदानावर गेलो, शंभरावर फोटो काढले. घरी येऊन पाहतो तो मागचे कुंपण, त्यावरची वेल, वेलीवरचे पान न् पान स्वच्छ. आणि पुढून आमची धाकटी भुतासारखी वाहत गेलेली. दुकानदार खोटे बोलला नव्हता. त्या भिंगातली सोय माझ्या हाताचा कंप थांबवत होती, मुलीची धाव नव्हे. शिवाय त्या स्वस्त भिंगाची तोटी लांबच्या टोकाला एफ/५.६ च्या पुढे उघडतच नव्हती. साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगाची एफ/१.८ पर्यंत उघडते. म्हणजे जवळजवळ दसपट उजेड. हे छोटे, हलके भिंग कॅमेऱ्याच्या बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त भिंगांपैकी असते. नवे काही घ्यायचेच असेल तर पहिले ते घ्यावे, असे माझे पोळलेले मत आहे.

लांब भिंग वाईट असे मात्र नाही. मैदानाच्या कडेला बसून, मुलांच्या खेळात न येता, वीस मीटरवरचा चेहरा टिपायला २०० मिलिमीटर लागतेच, आणि सकाळच्या उन्हात माझे तेच भिंग उत्तम चालते. उलट, आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत ५० मिलिमीटरसुद्धा लांब पडते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, दोन मीटरवरून, उभे मूल डोक्यापासून पायापर्यंत मावत नाही. मागे सरकावे तर पाठीला कपाट लागते. तिथे ३५ बरे. सोसायटीच्या आवारात, जिथे स्कूटरी, पाण्याची टाकी आणि पकडापकडी एकाच जागेत नांदतात, तिथेही ३५ किंवा २८.

तोटी सताड उघडण्याचा एक दंड असतो. छिद्र जितके मोठे, तितका फोकसचा पट्टा अरुंद. ५० मिलिमीटर, एफ/१.८, मूल दोन मीटरवर, तर स्वच्छ दिसणाऱ्या जागेची खोली एका वितीहूनही कमी भरते. एवढे अंतर आपल्याकडे धावणारे मूल सेकंदाच्या वीस-पंचविसाव्या भागात ओलांडते. आधी फोकस केला, मग बटण दाबले, तर मधल्या वेळात मूल पट्ट्याबाहेर. म्हणून कॅमेऱ्याला फोकस सतत बदलत राहायला सांगावे लागते. निकॉन आणि सोनी या सोयीला 'एएफ-सी' म्हणतात, कॅननवर 'सर्व्हो' हा शब्द शोधावा. आपोआप फोकस करणारा मिनोल्टाचा ७००० हा कॅमेरा १९८५ साली निघाला, तेव्हापासून हे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. नवे कॅमेरे तर मुलाचा डोळा ओळखून त्याचाच पाठलाग करतात. ज्यांच्याकडे असा कॅमेरा आहे त्यांनी पुढची चार वाक्ये सोडून द्यावीत.

ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी आजोबांच्या वेळची रीत अजून जिवंत आहे. ३५ मिलिमीटरचे भिंग मोठ्या सेन्सरच्या किंवा फिल्मच्या कॅमेऱ्यावर लावा, छिद्र एफ/८ करा, फोकस हाताने तीन मीटरवर ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत जे काही येईल ते समाधानकारक स्वच्छ येते. जुने पेटीकॅमेरे फोकसशिवाय चालत, ते याच तत्त्वावर.

इथवर आकड्यांची कथा झाली. पण मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे. वेगाने चालणारी पुष्कळशी हालचाल मधेच कोठे तरी थांबते. झोका घ्या. तळाशी तो सर्वांत वेगात असतो, आणि दोन्ही टोकांना क्षणभर उभा राहतो. उडीचेही तसेच. मूल एक वीतभर, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर, उंच उडाले तर ते सुमारे चार-साडेचार दशांश सेकंद हवेत असते. आणि त्यातला मधला एक दशांश सेकंद ते शिखराशीच असते, एवढ्या वेळात जेमतेम सव्वा सेंटिमीटर वरखाली होते. त्या क्षणी १/१२५ सुद्धा पुरते. १९०५ साली पॅरिसमध्ये झाक आंरी लार्तिग नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या नात्यातल्या एका मुलीचा जिन्यावरून उडी मारतानाचा फोटो काढला. तो आज जगभर छापला जातो. ती मुलगी झग्यासकट हवेत तरंगते आहे. कॅमेरा जुना होता. पण तो मुलगा स्वतः त्याच जिन्यावर खेळणारा होता, पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होते.

आपल्या खेळांत तर अशा थांब्यांची रेलचेल आहे. लंगडी म्हणजे एकामागून एक शिखरेच. लगोरीत चेंडू फेकणाऱ्याचा हात मागे जाऊन पुढे येण्याआधी थबकतो. लेझीमचा ठेका चार वेळा ऐकला की हात कोणत्या ठोक्याला पसरून थांबणार हे आपल्यालाही कळते; १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, तेव्हापासून अशा यात्रांतून लेझीम खेळणारी मुले टिपण्याची दर वर्षी संधी असते. आणि खो-खो! छायाचित्रकारासाठीच जणू हा खेळ कोणी रचला असावा, असे मला वाटते. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की ती त्याला मधेच बदलता येत नाही, मधली रेषाही ओलांडता येत नाही. पलीकडे जायचे तर खांबाला वळसा घालूनच. मग आपण मैदानभर कॅमेरा नाचवायचा कशाला? खांबापासून पाच-सहा मीटरवर गुडघे टेकून बसावे, फोकस खांबावर धरून ठेवावा आणि वाट पाहावी. मूल येते, वेग आवरते, अंग आत झुकवते, हात खांबाकडे जातो, आणि नजर पळणाऱ्यावर असते. त्या वळणावर १/२५० ला मिळालेला चेहरा मला मधल्या धावेत १/१००० लाही मिळालेला नाही.

म्हणून माझा नेहमीचा आग्रह असा की, मैदानावर गेल्यावर पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच असू द्यावा. नुसता खेळ पाहावा. कोण कोठे वळतो, कोण हरला की कमरेवर हात ठेवतो, कोण फेकण्याआधी जीभ बाहेर काढतो. आईला हे सारे पाठ असते. म्हणून बापाने नवा कॅमेरा घेऊन फसावे आणि आईने साध्या मोबाइलवर नेमका क्षण पकडावा, असे पुष्कळ घरांत घडते. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. इथे तर पळत्याच्याही पाठी लागू नये, ते जिथे येणार तिथे आधी जाऊन बसावे.

उजेड अगदीच कमी असला आणि धाव थांबणारी नसली, तर एक उलटी युक्ती आहे. शटर मुद्दाम मंद, १/३० करायचे, आणि मुलाबरोबर कॅमेराही त्याच गतीने फिरवत न्यायचा, बटण दाबल्यावरसुद्धा फिरवणे न थांबवता. मूल बऱ्यापैकी स्वच्छ येते, मागची दुनिया रेघारेघांची होते. सायकलवरच्या मुलाला हे छान साधते. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन प्रसिद्ध आहे. तशा पावसाळी सकाळी भिजत धावणारी शाळकरी मुले अशी टिपून पाहावीत. दहांत एक साधला तरी नशीब. मला वीसांत एक साधतो.

मोबाइलवाल्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, कमी उजेडात मोबाइल एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर बसवतो. टेबल स्वच्छ येते, आणि मुलाला मात्र तीन हात फुटतात. त्याला उजेडात न्यावे, खिडकीशी, गॅलरीत, हाच उपाय. ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी गेलात तर सूर्य पाण्याकडे आणि मूल सूर्याकडे तोंड करून आहे की नाही, तेवढे पाहावे. आणि एक गोष्ट सर्वांनाच सांगायची: मैदानावरची सगळी मुले आपली नसतात. दुसऱ्याच्या मुलाकडे लांब भिंग रोखण्याआधी त्याच्या आईवडिलांना विचारावे, आणि फोटो त्यांना न विचारता चार ठिकाणी पाठवू नये. कोणी नको म्हटले तर कॅमेरा खाली. हल्लीच्या दिवसांत त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

आता सर्वांत अवघड चित्र राहिले. रात्री नऊ वाजता दाराची बेल वाजते आणि मूल आतल्या खोलीतून दाराकडे धाव घेते, ते. घरात उजेड ट्यूबलाइटचा, म्हणजे मैदानावरच्या उन्हाच्या मानाने शेकडो पटींनी कमी. त्यातून आपली वीज पन्नास आवर्तनांची. जुनी चोकवाली ट्यूब सेकंदातून शंभर वेळा मंद-तेज होते, काही स्वस्त एलईडी दिवेही तसेच. १/५०० ठेवले तर एखादा फोटो उजळ, एखादा काळवंडलेला, एखाद्यावर आडवे पिवळट पट्टे. अशा दिव्यात १/१०० ठेवले की एक पूर्ण लहर पदरात पडते आणि चित्र सारखे येते. पण १/१०० ला पळते मूल चार सेंटिमीटर सरकते, त्याचे काय? छतावर उडवलेला फ्लॅश हा एक तोडगा. आपल्या घरांची छते ठेंगणी आणि पांढरी असतात, प्रकाश छान परततो, आणि फ्लॅशची चमकच इतकी क्षणिक की मूल जागीच गोठते. तान्हे मूल किंवा झोपलेली आजी घरात असेल तर तो नको.

फ्लॅशशिवायही ते चित्र मिळते. ही धाव कोठे थांबणार हे आपल्याला ठाऊक आहे. ती बाबांच्या, किंवा आईच्या, खांद्यावरच्या पिशवीपाशी थांबते. तेव्हा येणाऱ्याने कॅमेरा काढण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचे हात मोकळे हवेत. कॅमेरा घरातल्या दुसऱ्या माणसाने आधीच हाती घेऊन दाराच्या आत बाजूला उभे राहावे. पॅसेजमधला दिवाही लावावा. ५० किंवा ३५ चे भिंग, छिद्र एफ/२, शटर १/१००, आयएसओ १६००, फोकस उंबरठ्यावर. धाव सगळी सोडून द्यावी. मूल उचलले जाते, वर जाते, आणि डोके खांद्यावर टेकते. तिथे ते अर्धा-एक सेकंद हलत नाही. तेव्हा बटण दाबून धरावे. आमच्याकडे हे काम माझ्या आईकडे आहे. तिला आकडे सांगितलेले नाहीत, कॅमेरा लावून दारामागच्या खुंटीला टांगलेला असतो.